चोवीस नंबरचे पाहुणे

दारावर पाटी लावायला किती वेळ लागतो? खिळे दोन, हातोडी एक आणि "जरा डावीकडे... अहो, तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे" असं म्हणायला बायको एक. सगळं धरून दहा मिनिटं. जयवंतराव घाडींनी त्यासाठी कचेरीतून पंधरा दिवसांची रजा काढली आणि तीही पुरली नाही, यावरून काय ते समजावं.

रजा नुसत्या पाटीसाठी नव्हती, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. लालबागच्या रावजी शेट चाळीत दुसऱ्या मजल्यावरची चोवीस नंबरची खोली त्यांच्या शेवंतीआत्याची. आत्या जाऊन आठ वर्षं झाली आणि खोलीला कुलूप लागूनही तेवढीच. कागदावर वारस जयवंतराव, पण राहायला डोंबिवलीत. आता चाळ पाडून तिथे टॉवर उठणार होता आणि जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस लागली होती: वीस फेब्रुवारीला घरोघर पाहणी, बंद आढळलेल्या खोल्या यादीतून बाद. डोंबिवलीची जागा भाड्याची, नोकरीची चार वर्षं उरलेली. म्हणजे चोवीस नंबर हातची गेली तर घाडींच्या मालकीची म्हणून या जगात एक स्कूटर उरत होती. तेव्हा पाच तारखेला जयवंतराव आणि मानसीवहिनी दोन गाद्या, एक शेगडी आणि मिक्सर घेऊन आत्याच्या खोलीत येऊन थडकले.

आठ वर्षांचं कुलूप. त्यासाठी जयवंतरावांनी तेलाची बाटली, कानस आणि शेजाऱ्यांपुढे म्हणायचं एक वाक्य अशी तयारी ठेवली होती. किल्ली फिरवली आणि कुलूप काल लावल्यासारखं उघडलं. बंद घराचा कुबट वास येणार म्हणून मानसीवहिनींनी नाकाला ओढणी लावली होती. वास आला तो फोडणीचा.

"शेजारून येत असेल," जयवंतराव म्हणाले. शेजारच्या पंचवीस नंबरच्या मालनताई तेव्हा बाजारात गेल्या होत्या, हे नंतर कळलं.

खोलीबद्दल काय सांगावं? छताचा गिलावा अर्धा खाली आला होता, माळ्याच्या फळ्यांतून कबुतरं खाली बघत होती आणि एका तुळईला आत्याच्या वेळचा टेकू होता, तो बरोबर झोपायच्या जागी. जमिनीवर बोटभर धूळ होती. फक्त ओटा लख्ख होता. ओट्यावर बारा स्टीलची ताटं एकावर एक रचलेली होती आणि मानसीवहिनींनी वरच्या ताटावरून बोट फिरवलं तर बोटाला काहीही लागलं नाही. त्यांनी ते बोट बराच वेळ पाहिलं आणि मग पदर नसतानाही पदर खोचल्याचा आविर्भाव करून झाडू हातात घेतला.

अशा घरात चौथ्याच दिवशी पाहुणे यावेत, ही नियतीची गंमत. दौलत बोरकर हा जयवंतरावांचा कॉलेजातला मित्र, नागपूरच्या शाळेतून विज्ञानाचा मास्तर म्हणून निवृत्त झालेला. तो आणि राधावहिनी यांची मुंबईची तिकिटं तीन महिन्यांपूर्वीच काढलेली. जयवंतरावांनी फोनवर परिस्थिती जमेल तितकी भयाण करून सांगितली. पण वैदर्भीय माणसाला पाहुणा म्हणून परतवणं कोणाला जमलंय?

"तू जिथं, आम्ही तिथं," दौलत म्हणाला. "चार दिवसाचा तर प्रश्न आहे बे. आम्ही का राजे आहोत?"

आल्यावर राधावहिनींनी खोलीकडे एकवार पाहिलं, वर कबुतरांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हवेशीर आहे." संस्कार म्हणतात ते हेच.

पाटीची कल्पना अप्पा राण्यांची. अप्पा चाळ कमिटीचे सेक्रेटरी. गेली बावीस वर्षं निवडणूकच झाली नसल्याने तहहयात. ते रोज सकाळी दाढीचा साबण तोंडावर ठेवून गॅलरीतून फेरी मारत आणि सल्ले देत.

"घाडीसाहेब, बाकी सोडा. पाटी! सर्व्हेवाला येतो ना, पहिला फोटो पाटीचा घेतो. पाटी नाही म्हणजे माणूस नाही. आणि विचारलं की बिनधास्त बोलायचं, 'गेली आठ वर्षं सलग सहकुटुंब राहतोय.' पाठ करून टाका."

"पण ते खरं नाही."

"म्हणून तर पाठ करायचं. खरं पाठ करावं लागतं का?"

जयवंतराव सरळ मार्गाचे गृहस्थ, म्हणून आधी सरळ मार्गाने गेले. रहिवासाचा दाखला मागायला एका कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी लाइट बिल मागितलं. बिल आत्याच्या नावावर. नाव बदलायला गेले तर त्या खिडकीने रहिवासाचा दाखला मागितला. "दाखल्यासाठी बिल आणि बिलासाठी दाखला, मग सुरुवात कुठून करायची?" असं त्यांनी नम्रपणे विचारलं. खिडकीतल्या माणसाने त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. "बरोबर पकडलंत," तो म्हणाला आणि जेवायला गेला. तेव्हा जयवंतरावांनी पितळेची पाटी करायला टाकली: श्री. जयवंत घाडी, बी. कॉम. 'बी. कॉम.'चे वेगळे पैसे पडले, पण अधिकाऱ्यावर छाप पडायला हवी.

नऊ तारखेला, भर दुपारी, बायका बाजारात गेलेल्या असताना पाटी लावण्याचा समारंभ झाला. दौलतने पाटी धरली. जयवंतरावांनी गॅलरीत उभं राहून दाराशेजारच्या भिंतीवर खिळा टेकवला आणि दोन ठोके मारले.

आतून दोन ठोके आले.

खिळा वाकला. दोघांनी उघड्या दारातून आत पाहिलं. आत कोणीही नव्हतं. उन्हाची एक तिरीप जमिनीवर पडली होती आणि तिच्यातली धूळसुद्धा हलत नव्हती. जयवंतरावांनी दुसरा खिळा घेऊन तीन ठोके मारले. आतून तीन आले, शांतपणे, मोजून. दुसरा खिळाही वाकला.

"प्रतिध्वनी," दौलत म्हणाला. विज्ञान मंडळात त्याने असल्या गोष्टींवर व्याख्यानं दिली होती. "पोकळ भिंत आहे. मार तू."

जयवंतरावांनी हातोडी उगारली. पण मारलीच नाही. तशीच हवेत धरली. आतून ठोका आला.

चाळीत दुपारी कुठेतरी रेडिओ, कुठेतरी कुकर, काहीतरी चालू असतंच. त्या क्षणी काहीही चालू नव्हतं.

"न मारलेल्या ठोक्याचा प्रतिध्वनी कसा येतो रे?" जयवंतरावांनी हळूच विचारलं.

"तो... आधीचा असन," दौलत म्हणाला. "उशिरा पोचला." आणि त्याने पाटी हळूच जमिनीवर ठेवली.

ठोके ऐकून मालनताई बाहेर आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे गेलेले, पण जीभ जागच्या जागी. "काय ता ठोकतंस, जयवंता? तिका विचारलंस?"

"कोणाला?"

"जेचा घर तिका. बंद घर म्हणजे रिकामा घर नाय, बाबा. आणि तू तर घाडी मां? घाड्याचो झील आणि गाऱ्हाणा घातल्याशिवाय घरात शिरलंस? तुझो आजो गाऱ्हाणा घालूक उभो रवलो की झाडाचा पान हलूचा नाय!"

हे जयवंतरावांच्या वर्मी लागलं. कोकणात गावच्या देवापुढे सगळ्यांच्या वतीने बोलायचं काम घाड्याचं. नारळ ठेवायचा, देवाला काय हवं-नको ते खड्या आवाजात सांगायचं आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. पिढ्यान्‌पिढ्या घाडी बोलत आले आणि गाव होय म्हणत आलं. जयवंतरावांना मात्र त्यातला फक्त 'होय म्हाराजा'चा भाग येत होता. पण त्यांनी तीस वर्षं विमा कंपनीत पत्रांचे मसुदे केले होते. नाकारलेल्या दाव्याचं पत्र असं लिहीत की माणूस आभाराचं उत्तर पाठवी. देवाला लिहायचं त्याहून अवघड ते काय असणार?

"घालू की गाऱ्हाणं," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळी?"

"सांजचा नाय. बाराक. तिची पानां मांडूची येळ ती."

दुसऱ्या दिवशी बाराला मालनताईंनी ओट्यासमोर नारळ आणि पाच विडे मांडले. मानसीवहिनी, दौलत, राधावहिनी आणि मालनताई, चौघं हात जोडून मागे उभी राहिली. दौलत "मी फक्त निरीक्षणासाठी" असं सांगून उभा होता, पण हात त्यानेही जोडले होते. जयवंतरावांनी घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या घरात जो काय नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे..."

"होय म्हाराजा," चौघं म्हणाली.

"लेकराबाळांची राखण कर..."

"होय म्हाराजा."

इथे थांबले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण आवाज लागला होता, चार माणसं होय म्हणत होती आणि तीस वर्षांच्या मसुद्यांची सवय अंगात होती. प्रतिपक्षाला खूश करायचं तर आरंभी सगळं कबूल करावं, हा त्यांचा सिद्धांत. "ह्या घराची धनीण तूच! आम्ही इलेले पाव्हणे! तुझ्या हुकमाशिवाय हय खिळोसुद्धा मारूचो नाय! ह्या पाव्हण्यांची सरबराई तूच कर!"

मालनताई मागून त्यांचा सदरा ओढत होत्या. जयवंतरावांना ती दाद वाटली.

"होय म्हाराजा," पाच जण म्हणाले.

तिथे चारच तोंडं होती. पाचवा आवाज मोरीच्या बाजूने आला. बाईचा, बसका, इतरांपेक्षा किंचित मागे, हातातलं काम आटपून आल्यासारखा. कोणीही वळून पाहिलं नाही. राधावहिनींनी मानसीवहिनींचा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. दौलतचं तोंड 'म्हाराजा'वर उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

मालनताईंनी शांतपणे नारळ फोडला. "मान्य केल्यान," त्या म्हणाल्या. "पण मेल्या, राखण मागूची, घर देवन टाकूचा नाय! सगळाच तिच्या पदरात घातलंस."

सही करण्याआधी कागद वाचावा, असं वकील सांगतात. गाऱ्हाण्याला सही नसते, नारळ असतो, आणि तो फुटून चुकला होता.

त्या दिवसापासून खोलीत पाहुण्यांची जी सरबराई सुरू झाली तिला तोड नाही. मानसीवहिनी चौघांचा भात टाकायच्या आणि तो सहा जणांना पुरायचा. आमटीत मीठ घालायला जावं तर मीठ आधीच पडलेलं. बरं, आमटीची चव मानसीवहिनींची नव्हती. सव्वीस वर्षं नवऱ्याने "आत्याच्या आमटीची गोष्ट वेगळी" असं ऐकवल्यानंतर आता आपल्याच हातून आत्याची आमटी होते आहे, हे कळल्यावर त्या भ्यायल्या कमी आणि रागावल्या जास्त. "मग मी कशाला उभी राहू इथे?" असं त्यांनी रिकाम्या ओट्याला विचारलं. ओट्यावरची पळी खाली पडली. त्यापलीकडे उत्तर मिळालं नाही.

दौलतला तर ताळतंत्रच उरलं नाही. काट्याच्या भीतीने मासे न खाणारा माणूस, बांगड्याचं तिखलं दुसऱ्यांदा मागायला लागला. एकदा तो न जेवता राणीची बाग बघायला निघाला. दाराची कडी काही उघडेना. त्याने ओढली, जयवंतरावांनी ओढली, बाहेरून अप्पांनी दार ढकललं.

"दमट हवा," दौलत घाम पुसत म्हणाला. "लाकूड फुगते." मग मुकाट्याने पाटावर बसून जेवला. हात धुऊन येतो तो दार आपसूक उघडं. त्यानंतर हा विज्ञान मंडळाचा माजी अध्यक्ष बाहेर पडताना ओट्याकडे तोंड करून "येतो मी, बाई" म्हणू लागला आणि कोणी पाहिलं की म्हणे, "सभ्यता म्हणून." चार दिवसांचे पाहुणे, बारा तारखेला परत जायचे. त्याच सकाळी त्याने तिकिटं रद्द केली. "इतकी सोय नागपुरात नाही बे," असं त्याने कारण दिलं.

आणि यजमान? यजमानांचे हाल कुत्रा खाईना. जयवंतराव खुर्चीत बसले की मानेमागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटे. कोणी ढकलत नसे, रागवत नसे, नुसतं हे कधी उठतात याची वाट बघत असे. उठले की बरं वाटे. कबुतरं चौघांतून नेमकं त्यांचंच अंथरूण निवडत. पाटी दोन्हीकडून चिकटणाऱ्या पट्टीने लावून पाहिली, ती जेवायच्या वेळी खणकन पडली. पितळेच्या पाटीवर 'बी. कॉम.'च्या जागी पोचा आला. ड्रिलवाला राजाराम आला, त्याचं मशीन अठ्ठावीस नंबरच्या भिंतीत सुरीसारखं गेलं आणि चोवीसच्या भिंतीला लावताच मुकं झालं. त्याने भिंतीला कान लावला, सामान गोळा केलं आणि "साहेब, आत कोन बाई 'नाय, नाय' बोलतेय" एवढं सांगून जिना उतरला. येण्याजाण्याचे पैसेही त्याने घेतले नाहीत, आणि लालबागमध्ये याहून भीतीदायक गोष्ट कोणी ऐकली नसेल.

पण जयवंतरावांना खरं झोंबलं ते ताटाचं. रोज बाराला मानसीवहिनी चार ताटं मांडायच्या. वाढायला वळून परत यायच्या तर तीन उताणी आणि एक उपडं. ते नेमकं जयवंतरावांचं. उलटून ठेवलं, पुन्हा उपडं. बसायची जागा बदलली, ताट बदललं, तरी तेच. पहिले दोन दिवस ते हसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी भात वाटीतून खाल्ला. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पाहुण्यांदेखत, वाटीतून!

"असं का करते ही?" ते शेवटी मालनताईंकडे गेले. "मी काय केलंय?"

मालनताई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती खानावळ चालवी, ठावक हा मां तुका? जो गिऱ्हाईक 'आज येवचंय नाय' म्हणान सांगी, तेचा ताट ती उपडा घाली. 'खाडो' म्हणी. तो परत येवन जेवल्याशिवाय ताट उताणा नाय. तू काय सांगून गेल्लंस, तुझा तुका ठावक."

जयवंतराव वळले. गॅलरीत जाऊन कठड्याला टेकून उभे राहिले.

त्यांना ठाऊक होतं. कॉलेजची तीन वर्षं ते याच ओट्यापुढे जेवले होते. गिरणीतल्या माणसांकडून आत्या घेई ते घेई, भाच्याला मात्र फुकट. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, डोंबिवली लांब पडली. आठ वर्षांपूर्वी ते शेवटचे आले ते खोलीच्या वारसाचे कागद घेऊन. आत्याने कुठे सही करायची तेवढं विचारलं आणि केली. मग म्हणाली, बांगडे आणलेत, जेवून जा. खाली टॅक्सी उभी होती. "पुढच्या खेपेला," ते म्हणाले, कागद नीट घडी करून खिशात घातले आणि निघाले. तीन महिन्यांत ती गेली. खोली घेतली आणि ताटावर बसले नाहीत. त्यांना फार लाज वाटली. इतकी की खालून अप्पांनी "पाठ झालं का वाक्य?" असं ओरडून विचारलं, तेव्हा त्यांना कुठलं वाक्य तेच आठवेना.

वीस तारखेला सकाळी अकराला पाहणीच्या बाई आल्या. सीमा मॅडम, वय तिशीचं, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, चेहऱ्यावर दिवसाला साठ खोल्यांचा शीण. सगळा मजला गॅलरीत जमला. पाटी भिंतीला टेकवून जमिनीवर उभी केली होती. अप्पा मॅडमच्या मागे उभे राहून ओठांनीच वाक्य म्हणून दाखवत होते: गेली आठ वर्षं सलग सहकुटुंब.

"खोली कोणाची?" सीमा मॅडमनी टॅबवरून नजर न काढता विचारलं.

जयवंतरावांनी तोंड उघडलं. वाक्य पाठ होतं, चाळीस वेळा म्हणून झालं होतं. ते घशापर्यंत आलं. आणि त्यांना स्पष्ट जाणवलं की मागे, उंबऱ्याच्या आत, कोणीतरी ओले हात पुसत येऊन उभं राहिलंय आणि ऐकतंय. मानसीवहिनींनाही ते जाणवलं असावं, कारण त्या बाजूला सरकल्या, वाट दिल्यासारख्या.

"आत्याची," जयवंतराव म्हणाले. "शेवंतीआत्याची. मी इथे राहत नाही. पंधरा दिवसांपूर्वी आलो. आम्ही पाहुणे आहोत."

अप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. मानसीवहिनींनी डोळे मिटले. डोंबिवलीच्या घरमालकाचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला असणार. खोली गेली, हे गॅलरीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं.

सीमा मॅडमना मात्र काही विशेष वाटलं नाही. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "नोंद तशीच आहे. जानेवारीत आमची पहिली फेरी झाली ना, बारा तारखेला. चोवीस नंबर, उघडी. राहणार शेवंती सीताराम घाडी, एकटी. कुठे आहेत त्या? अंगठा राहिलाय त्यांचा."

गॅलरीतल्या पोरांना त्यांच्या आयांनी मागे ओढलं.

जयवंतरावांनी फायलीतून मृत्यूचा दाखला काढून दिला. मॅडमनी तारीख वाचली. टॅब पाहिला. पुन्हा तारीख वाचली. मग त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "वैभव, रावजी शेट चाळ, चोवीस नंबर. तू स्वतः आत गेला होतास?"

"हो मॅडम," फोनमधून आवाज आला. "ओट्याशी होत्या ना आजी. मी दारातूनच लिहून घेऊन निघणार होतो, पण जेवल्याशिवाय सोडेनात. कडीच निघेना. बांगडे काय होते मॅडम! का, काय झालं?"

"काही नाही," म्हणून मॅडमनी फोन ठेवला.

दौलत मालनताईंकडे वळला. बुडत्याने काडीकडे वळावं तसा. "ताई, खरं सांगा. तुम्हीच होत्या ना तेव्हा आत?"

"मी?" मालनताई उसळल्या. "मी म्हयनोभर मालवणाक होतंय, नातीच्या लग्नाक! इचार ह्येंका. माझीच खोली बंद म्हणान लिवन ठेवल्यानी, मेल्यांनी! जित्या माणसाची बंद आणि हिची उघडी!"

मॅडमनी टॅब चाळून पाहिला. पंचवीस नंबर खरंच बंद होता. अप्पा म्हणाले, चोवीसची किल्ली एकच आणि ती डोंबिवलीत. यापुढे कोणाला काही विचारायचं सुचलं नाही.

सरकारी माणसाची एक मोठी ताकद असते: जगात काहीही घडो, त्याला पुढचा प्रश्न विचारायचा असतो. सीमा मॅडमनी पाण्याची बाटली काढून दोन घोट घेतले. "हयात आणि मयत, दोन्हीवर टिक करता येत नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मयत करते. वारस तुम्ही. खोली पहिल्या फेरीत उघडी होती अशी सहीनिशी नोंद आहे, त्यामुळे चालू धरावीच लागेल. यादीत राहील. झालं."

अप्पांनी जयवंतरावांच्या पाठीत इतक्या आनंदाने धपका मारला की ते पुढे कोलमडले. मानसीवहिनी रडायला लागल्या आणि राधावहिनी त्यांना धरून कशासाठी तरी रडायला लागल्या. जयवंतराव मात्र उंबऱ्याकडे पाहत उभे होते. खोली त्यांनी वाचवली नव्हती. ते यायच्या आधीच कोणीतरी उभं राहून ती वाचवली होती, आणि ज्याने कागदावर सही घेऊन पाठ फिरवली त्याच्यासाठी वाचवली होती.

"थांबा हं," सीमा मॅडम टॅबवर बोट आपटत होत्या. "फॉर्म पुढे जात नाहीये. वैभवने एक शेरा उघडा ठेवलाय. त्याला उत्तर भरल्याशिवाय घेत नाही."

"काय शेरा?" जयवंतरावांनी विचारलं.

मॅडमनी वाचून दाखवला. "कुटुंबातील इतर व्यक्ती: भाचा. सध्या बाहेर गेला आहे. जेवायला येणार आहे."

आतून फोडणीचा वास आला. मानसीवहिनींनी त्या दिवशी शेगडी पेटवलीच नव्हती.

"काय लिहू?" मॅडमनी विचारलं.

छप्पन्न वर्षांचे जयवंतराव घाडी, बी. कॉम., सगळ्या मजल्यादेखत उंबऱ्यावर बसले आणि त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

"आला म्हणून लिहा," ते म्हणाले. "फार उशिरा आला, पण आला."

सीमा मॅडमनी 'आला' एवढंच लिहिलं. उशिरासाठी फॉर्ममध्ये जागा नव्हती.